आठवणींचे दशक कोणी ठरवायचे?

अमेरिकेतल्या बहुतेक वृद्धनिवासांत महिन्याचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते आणि त्यात कुठेतरी ‘फिफ्टीज नाइट’, म्हणजे १९५० च्या दशकाच्या आठवणींची संध्याकाळ, असतेच. काळ्या-पांढऱ्या चौकडीचे टेबलक्लॉथ, क्रोमचे स्टूल, कोपऱ्यात नाणे टाकले की गाणे वाजवणारा रंगीत दिव्यांचा ज्यूकबॉक्स, रॉक अँड रोल गायक एल्व्हिसची ठरलेली गाणी, आणि रूट बिअर या बिनदारूच्या गोड पेयाच्या ग्लासात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. हे करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या तरुणपणीचे काही भेटले की ती बोलू लागतात, हसतात, हे खरेच आहे. तरीही ही पद्धत बदलायला हवी असे माझे ठाम मत आहे. आठवण ही माणसाची स्वतःची असते, आणि इथे ती सगळ्यांना एकाच साच्यातून वाटली जाते.

आधी साधा हिशेब करू. २०२५ साली ८० वर्षांची असलेली व्यक्ती १९४५ मध्ये जन्मली. ९ सप्टेंबर १९५६ रोजी एल्व्हिस प्रेस्ली पहिल्यांदा एड सुलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आला तेव्हा ती ११ वर्षांची होती. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स त्याच मंचावर आले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले, तेव्हा ती एकोणिशीत होती. तिच्या तारुण्याचा काळ १९६० ते १९७० हा आहे. ७५ वर्षांची व्यक्ती तर वुडस्टॉकच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवाच्या वर्षी, १९६९ मध्ये, १९ वर्षांची होती. खऱ्या अर्थाने ज्यांची विशी पन्नासच्या दशकात गेली ती माणसे आज नव्वदीच्या पुढे आहेत. बेनी गुडमन आणि ग्लेन मिलर यांच्या बिग बँडचा, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांचा, बहर १९३५ ते १९४६ असा होता, म्हणजे आजच्या ऐंशी वर्षांच्या माणसासाठी ते आईवडिलांचे संगीत. ‘जुने’ म्हणून ते अजूनही लावले जाते. एकाच दिवाणखान्यात ७० ते १०० वयाची माणसे बसलेली असतात, त्यांच्यात तीस वर्षांचे अंतर असते, आणि कॅलेंडर मात्र त्यांना एका दशकात कोंबते.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या घटना इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त स्पष्ट आठवतात. गाण्यांच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसते. दहा वर्षांची चूक झाली तर गाणे ओळखीचे राहते, पण ‘माझे’ राहत नाही. माणूस मान डोलावतो, टाळ्या वाजवतो, आणि त्याच्या आत काहीच हलत नाही. कार्यक्रम यशस्वी झाला अशी नोंद मात्र होते.

मग पन्नासचे दशकच का चिकटले? त्याचे कारण बरेचसे सत्तरच्या दशकात आहे. १९७२ ते १९७४ या दोन-तीन वर्षांत ब्रॉडवेवर, चित्रपटगृहांत आणि दूरचित्रवाणीवर पन्नासच्या दशकाची आणि त्याच्या शेपटाकडच्या वर्षांची गोड, निरोगी, केस चापून बसवलेली प्रतिमा एकापाठोपाठ एक आली आणि प्रचंड गाजली. आज सजावटीच्या दुकानांत मिळते ते त्या प्रतिमेचे सामान आहे. तो ज्यूकबॉक्सच घ्या. कमानीसारखा, बुडबुडे उठणाऱ्या नळ्यांचा, पोस्टरवर हमखास दिसणारा, तो वुर्लिट्झर १०१५ आहे आणि तो १९४६ सालचा. त्यात शेलॅकच्या (लाखेच्या), मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या २४ तबकड्या बसत. रॉक अँड रोल ज्या छोट्या ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गाजला त्या वाजवणारा पहिला ज्यूकबॉक्स सीबर्ग कंपनीचा एम१००बी, १९५० चा. तो दिसायला पेटीसारखा आहे, म्हणून पोस्टरवर येत नाही. हे यंत्रप्रेमींचे भांडण नव्हे. ज्याने सोळाव्या वर्षी नाणे टाकून गाणे लावले आहे त्याच्या हाताला आणि डोळ्याला आपली पेटी कोणती हे कळते.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. सोडा फाउंटन किंवा लंच काउंटर, म्हणजे दुकानातच स्टुलावर बसून खाण्यापिण्याचा लांब ओटा, हे या सजावटीचे हृदय असते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या अशाच काउंटरवर बसले आणि त्यांना कॉफी नाकारली गेली. त्या काउंटरला सगळ्यांना वाढायला जुलै उजाडला. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज ८५ च्या आसपास आहेत आणि वृद्धनिवासांत राहत आहेत. गोऱ्या नसलेल्यांना अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या (चेंडू घरंगळवून पिना पाडण्याच्या खेळाच्या संघटनेच्या) अधिकृत स्पर्धांचे दार १९५० पर्यंत बंद होते. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको उद्यानातल्या लाकडी घोड्यांच्या चक्रावर १९६० च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी बसून सत्याग्रह केला, तेव्हा कुठे १९६१ मध्ये ते सर्वांना खुले झाले. प्रवासात कुठे जेवता येईल, कुठे खोली मिळेल हे सांगणारी पुस्तिका न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून काढली होती आणि ती साठच्या दशकापर्यंत लागत होती. अशा काळातून गेलेल्या कृष्णवर्णीय बाईला ‘चला, त्या सोनेरी दिवसांत जाऊ या’ म्हणून क्रोमच्या स्टुलावर बसवणे हा निष्काळजीपणा आहे, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर तिला ती अस्वस्थता शब्दांत सांगताही येणार नाही. ती उठून जाईल, आणि वहीत ‘सहभाग नाकारला’ असे लिहिले जाईल. तिच्यासाठी कदाचित डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची कृष्णवर्णीय गायकांची गाणी, चर्चमधली गॉस्पेल भक्तिगीते, रविवारची टोपी आणि घरच्या अंगणातला मासे तळण्याचा बेत हीच आठवण असेल. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

या क्षेत्राचा वैचारिक पाया ज्यांनी घातला त्यांनी विचारण्यालाच महत्त्व दिले होते. १९६३ साली मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी मांडले की म्हातारपणी मागे वळून पाहणे हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नसून माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडत असतो. त्यात पश्चात्ताप असतो, राहून गेलेल्या गोष्टी असतात, भांडणे असतात. म्हणजे तिथे ऐकणारा लागतो. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात डिमेन्शिया असलेल्यांवरचे आठवणी जागवण्याचे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. परिणाम दिसले, पण ते बहुधा लहान होते, आणि पद्धत व जागा बदलली की तेही बदलत होते. यावरून ‘उपयोग नाही’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. कसे केले जाते यावर सगळे अवलंबून आहे, असा काढेन.

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांचा १९७९ चा प्रयोग या चर्चेत नेहमी पुढे केला जातो. न्यू हॅम्पशायरमधल्या एका जुन्या मठात सत्तरी उलटलेल्या पुरुषांच्या एका गटाला १९५९ साल चालू आहे असे समजून पाच दिवस राहायला सांगितले, आणि त्यांच्या अनेक चाचण्या सुधारल्या. गटात माणसे आठच होती, दुसरा तुलनेचा गट तेवढाच. इतक्या लहान प्रयोगावर मोठी इमारत बांधू नये. पण त्यातला एक तपशील फारसा कोणी सांगत नाही. त्या माणसांची बॅग कोणी उचलून दिली नाही. आपले सामान आपण न्यायचे, जेवणाच्या तयारीत हात लावायचा, चर्चेत मत मांडायचे. त्यांना धडधाकट समजून वागवले गेले. सजावट तर होतीच, पण तिच्यासोबत काम होते.

माझा मुद्दा इथेच आहे. पाहण्यापेक्षा करण्यावर पैसा आणि वेळ खर्च व्हावा. नावे, तारखा, प्रसंग पुसले गेल्यावरही हाताला सवयीने येणाऱ्या गोष्टी बराच काळ टिकतात. शिवणयंत्रात दोरा ओवणे, पत्ते पिसणे, तबकडीला कडेने धरणे. मध्यशतकातले अमेरिकन छंद या बाबतीत फार श्रीमंत आहेत, कारण तो घरात हाताने काही करण्याचा काळ होता.

हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट हे त्यातले सर्वांत चांगले उदाहरण. मराठी घरांतही उन्हाळ्यात असा लाकडी बादलीचा पॉट फिरायचा, त्यामुळे यंत्र समजावून सांगायला नको. मिश्रण डब्याच्या दोन तृतीयांशच भरावे, फिरताना ते फुगते. बर्फ बारीक फोडलेला हवा, आणि वजनाने सहा ते आठ भाग बर्फाला एक भाग खडे मीठ, थरावर थर. मीठ जास्त पडले तर कडेचे मिश्रण पटकन दगड होते, मधले पातळ राहते आणि पोत खरखरीत येतो. कमी पडले तर अर्धा तास फिरवूनही काही घट्ट होत नाही. बादलीच्या बाजूचे भोक मोकळे ठेवायचे, नाहीतर खारट पाणी झाकणाच्या वर चढून आत शिरते आणि सगळे वाया जाते. सुरुवातीला सावकाश, मग एका लयीत. वीस ते तीस मिनिटांत दांडा जड लागतो, तेव्हा थांबायचे. वृद्धनिवासात बादली जमिनीवर ठेवू नये, वाकावे लागते. कमी उंचीच्या भक्कम टेबलावर रबरी चटई टाकून पट्ट्याने बांधावी, आणि प्रत्येकाने एक-दोन मिनिटे फिरवावी. मिठाचे पाणी शून्याच्या बरेच खाली गेलेले असते. म्हातारपणाच्या पातळ त्वचेला, विशेषतः मधुमेहाने बधिर झालेल्या बोटांना ते कळायच्या आत इजा करते, म्हणून हातमोजे हवेतच. जुन्या कृतींत कच्ची अंडी असत. ती तशी वापरू नयेत. कस्टर्ड ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवून, पूर्ण गार करून मग डब्यात घालावे.

या अर्ध्या तासात जे बोलणे होते ते कोणत्याही प्रश्नावलीतून निघत नाही. बर्फ कुठून यायचा, दांडा कोण फिरवायचे, फिरवणाऱ्या पात्यावरचे आइस्क्रीम चाटायचा मान कोणाचा. दशक कोणते हा प्रश्नच उरत नाही. गोरे, काळे, मेक्सिकन, सगळ्यांच्या अंगणात बर्फ आणि मीठ सारखेच वागते.

खाण्याच्या बाबतीत एक इशारा इथेच द्यायला हवा, कारण फिफ्टीज नाइटमध्ये तो हमखास विसरला जातो. ज्यांना गिळायला त्रास होतो आणि घट्ट केलेले द्रवच द्यायला सांगितले आहे, त्यांना आइस्क्रीम चालत नाही. तोंडात ते वितळून पातळ होते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. रूट बिअरमध्ये आइस्क्रीम घातलेला फ्लोट तर दुहेरी धोक्याचा, आणि त्या काळाची दुसरी खूण असलेली जेलोची (जेलीची) थरथरती सॅलडसुद्धा तोंडातल्या उष्णतेने पाणी होते. पॉपकॉर्नचा प्रश्न वेगळाच, ते घशात अडकते. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी गिळण्याच्या तज्ज्ञाला विचारून ठरवलेला पर्याय त्याच भांड्यात, त्याच वेळी समोर यायला हवा. नाहीतर उत्सवात एक माणूस रिकाम्या हाताने बसतो.

पत्त्यांत कनास्टा घ्यावा. १९३९ मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत जन्मलेला हा खेळ १९४९ ते १९५१ च्या सुमारास अमेरिकेत वेड बनला होता आणि आजही अनेक निवृत्तांच्या वसाहतींत जिवंत आहे. पत्त्यांचे दोन कॅट आणि चार जोकर, एकूण १०८ पाने. चौघे जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी ११ पाने. जोकर आणि दुर्री कोणतेही पान बनू शकतात. एकाच किमतीची सात पाने जमली की कनास्टा. त्यात जोकर किंवा दुर्री नसेल तर ५०० गुण, असेल तर ३००. लाल तिर्री आली की लगेच खाली ठेवायची, १०० गुण. डाव ५००० ला संपतो. रमी खेळणाऱ्याला हे दहा मिनिटांत कळेल.

अडचण नियमांत नसते, हातात असते. पुढे पुढे हातात पंधरा-वीस पाने होतात, संधिवाताच्या बोटांना ती पंख्यासारखी धरता येत नाहीत, मग माणूस ‘मला कंटाळा आला’ म्हणून उठतो. खाच पाडलेली लाकडी पट्टी, म्हणजे पत्ते उभे ठेवायचा स्टँड, हा त्यावर पुरेसा उपाय आहे. मोठ्या आकड्यांची पाने घ्यावीत. पहिल्यांदा उतरताना, म्हणजे पाने खाली मांडताना, आधीच्या गुणांप्रमाणे ५०, ९० किंवा १२० गुण लागतात, हा नियम स्मरणशक्ती कमी झालेल्यांना सर्वांत आधी सुटतो. तो प्रत्येक टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा किंवा सरळ ५० वर कायम करावा. मात्र ज्यांना पूर्ण खेळ येतो त्यांच्यावर सोपा केलेला खेळ लादू नये. दोन टेबले वेगळी ठेवावीत. जाणत्या खेळाडूला बालवाडीचा डाव देणे हा अपमान आहे, आणि तो फार सहज केला जातो.

आकड्यांप्रमाणे रंग भरायचे संच हाही त्याच काळाचा छंद. डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत डॅन रॉबिन्स यांनी ते तयार केले आणि १९५१ पासून ते घराघरांत पोचले. समीक्षकांनी नाके मुरडली, लोकांनी चित्रे भिंतीवर लावली. आजच्या संचांत तैलरंगांऐवजी ॲक्रिलिक असते, ते डबी उघडी राहिली की वाळते, म्हणून एका वेळी दोनच रंग उघडावेत. अंक फिकट राखाडी छापलेले असतात. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, तेव्हा डोक्यावरच्या दिव्याने भागत नाही, टेबलावर बाजूने दिवा लागतो. कुंचल्याच्या दांड्यावर फोमची नळी चढवली की पकड येते.

आणि तबकड्या. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणलेली ४५ फेऱ्यांची तबकडी सात इंची, मधले भोक ३८ मिलिमीटरचे. साध्या प्लेअरवर ती ठेवायला मधे प्लास्टिकची चकती बसवावी लागते. ही चकती हातात दिली तर कित्येकांची बोटे आपोआप ती बसवतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला जाड सुई लागते, बारीक सुईने नुसती खरखर ऐकू येते आणि लोक म्हणतात तबकडी खराब आहे. गाणे लावायचे तर एक लावावे, ऐकावे, थांबवावे, बोलावे. दिवसभर पार्श्वभूमीला चालू ठेवलेले संगीत श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला शेजाऱ्याचे बोलणे ऐकू देत नाही, आणि तो एकटा पडतो.

हे सगळे करायला माणूस लागतो, एका टेबलाला एक. संस्थाचालक म्हणतात, तेवढे मनुष्यबळ नाही. ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण त्याच संस्था भिंतभर देखाव्यावर, आयत्या ज्यूकबॉक्सवर खर्च करतात आणि नातेवाइकांना पहिल्या भेटीत ते दाखवतात. देखावा नातेवाइकांना आवडतो, कारण तो त्यांच्या लहानपणी दूरचित्रवाणीवर पाहिलेला असतो. शिवाय तो जुना होतो. २०३५ साली ऐंशी वर्षांचा होणारा माणूस १९५५ मध्ये जन्मला. त्याला क्रोमच्या स्टुलाशी काय करायचे?

याला एक चांगला अपवाद मांडायला हवा. कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टा इथे २०१८ मध्ये सुरू झालेले टाउन स्क्वेअर हे डिमेन्शियाग्रस्तांसाठीचे दिवसाचे केंद्र म्हणजे १९५३ ते १९६१ या काळातले छतांखालचे छोटे गाव आहे. सॅन दिएगो ऑपेराच्या कार्यशाळेने ते उभारले. तिथे लोक एका जागी बसून राहत नाहीत. लहान गटाने दुकानातून दुकानात फिरतात, प्रत्येक ठिकाणी काही करायला असते. ते चालते ते फिरण्यामुळे आणि कामामुळे, असे मला वाटते. त्याची नक्कल करणारे भिंतीचा रंग तेवढा उचलतात.

कायदा याबाबत मागे नाही. १९८७ च्या सुधारणेनंतर केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमला (सतत शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासाला) प्रत्येक रहिवाशाच्या आवडीवर आधारलेला कार्यक्रम देणे बंधनकारक आहे. दाखल करताना भरायच्या केंद्रीय मूल्यमापनाच्या एफ विभागात रहिवाशालाच विचारावे लागते: आवडते संगीत ऐकणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? उत्तर ‘फार’ ते ‘अजिबात नाही’ यांपैकी. कोणते संगीत, हे तो रकाना विचारत नाही. ही त्रुटी भरून काढायला नवा कायदा नको, एका पानाची पुरवणी पुरे. जन्मसाल. पंधरा ते पंचवीस या वयात कुठे राहत होता, घरात कोणती भाषा होती, रेडिओवर कोणते केंद्र लागायचे. हाताने काय करत होता, कामावर आणि घरी. कोणत्या जागेचा, गाण्याचा, वर्षाचा विषय नको. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तो कुठेच नसतो. ही पुरवणी राज्यांनी असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत थोडी मदत लागणाऱ्यांचे निवास) आणि दिवसाच्या केंद्रांनाही लावावी, कारण नर्सिंग होमचा केंद्रीय नियम तिथे चालत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना याचा थेट संबंध आहे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर गेलेली मराठी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि मुलांकडे मागाहून गेलेले आईवडीलही. न्यू जर्सीत एडिसन, आयसेलिन भागात भारतीय जेवण देणारी दिवसाची केंद्रे आहेत, तिथे निदान कॅरम तरी मिळतो. पण पक्षाघातानंतर एखाद्या गावातल्या सर्वसाधारण नर्सिंग होममध्ये जावे लागले, तर तिथे फिफ्टीज नाइटच वाट्याला येते. पुण्यात वाढलेल्या पंच्याऐंशीच्या आजींचे १९५५ साल म्हणजे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवे गीत घेऊन येणारे गीतरामायण आणि रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला. एल्व्हिसचे नावही तेव्हा त्यांच्या कानावर नव्हते. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, त्यामुळे इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला त्या उत्तर देतीलच असे नाही.

म्हणून मुलांनी ते पान आधीच, आईवडील स्वतः सांगू शकतात तोवर, भरून ठेवावे. ‘हिंदी गाणी आवडतात’ एवढे लिहिल्याने काही साधत नाही. पंधरा-वीस गाण्यांची नावे, गायकांसह, रोमन लिपीत लिहावीत, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिकेला शोधता येतील. आई वाती वळायची, वडील सायकलचे पंक्चर स्वतः काढायचे, मेंढीकोट कोणत्या नियमांनी खेळायचे, हे दोन ओळींत. कापूस, पत्त्यांचा कॅट आणि स्टँड खोलीतल्या एका डब्यात नाव घालून ठेवावे, आणि डब्यात काय आहे व कशासाठी, याची चिठ्ठी झाकणावर आतून चिकटवावी.